औक्षवंतांच्या उशाशी

दीर्घायुष्य मागायचं तर मार्कंडेयाकडे मागावं, अशी आपल्याकडची जुनी रीत. वाढदिवसाच्या वर्धापनविधीत सात चिरंजीवांची नावं घेऊन झाली की आठवं नाव त्याचं येतं. तीळ आणि गूळ घातलेलं दूध ओंजळीत घ्यायचं, पिऊन टाकायचं आणि त्याच्यासारखं आयुष्य दे म्हणायचं. साठीशांत, सहस्रचंद्रदर्शन, नातवाच्या मुलाचं तोंड पाहिल्यावर होणारी सोन्याच्या फुलांची उधळण, या सगळ्यामागे इच्छा एकच. माणूस जगावा, खूप जगावा.

त्या मार्कंडेयाच्या नावाचं गाव आमच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी. पलीकडचा काठ चंद्रपूर जिल्ह्याचा. भंडाऱ्याकडून दक्षिणेची वाट धरून आलेली ही नदी मार्कंड्याला येऊन वळते आणि थोडं अंतर उत्तरेकडे वाहते. उत्तरवाहिनी म्हणून तिथे लोक अस्थी घेऊन येतात, विदर्भाची काशी म्हणतात. महाशिवरात्रीला जत्रा भरते. देवळांच्या भिंतींवर ओळींनी मूर्ती कोरलेल्या आहेत. खजुराहोचं नाव काढल्याशिवाय त्यांचं वर्णन कुणी करत नाही. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात इथे आला आणि त्यानं या देवळांचा तपशील लिहून ठेवला.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मृकंड ऋषीला मूल नव्हतं. तपाला पावलेल्या शंकरानं विचारलं, मंदबुद्धी पण दीर्घायुषी मुलगा हवा की गुणी पण सोळाच वर्षं जगणारा? ऋषीनं गुणी मुलगा मागितला. सोळा वर्षं भरली, यम आला, पोरानं पिंडीला मिठी मारली, यमाचा पाश पिंडीवर पडला. शंकर उठला, यम हरला, मुलगा चिरंजीव झाला. हे सगळं इथेच घडलं असं आमच्या भागात मानतात. म्हणून एकाच आवारात मार्कंडेयाचं देऊळ आहे, त्याच्या बापाचं, मृकंड ऋषीचं आहे आणि यमधर्माचंही आहे. आईचं नाव मात्र पुराणांत सगळीकडे एक नाही. कुठे ती मरुद्वती, कुठे मनस्विनी.

या गोष्टीतलं एक कलम आपण फार लवकर ओलांडतो. मार्कंडेय चिरंजीव झाला तो सोळा वर्षांचाच राहून. त्याचे गुडघे कधी धरले नाहीत, त्याला रात्री चार वेळा उठावं लागलं नाही, त्याच्या अंथरुणाखाली मेणकापड घालावं लागलं नाही. आपल्याला मिळतं ते आयुष्य म्हातारपणासकट मिळतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आता ते सत्तरीच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेतच साठी ओलांडलेल्यांचा आकडा दहा कोटींवर गेला होता. आशीर्वाद फळला आणि त्याबरोबर एक काम जन्माला आलं. ते काम कुणी करायचं, हे आशीर्वाद देताना कुणी बोललं नव्हतं. घरोघर ते कुणाच्या तरी वाट्याला आलं. बहुधा न विचारता.

आमच्या घरी ते आईच्या वाट्याला आलं.

मार्कंड्याहून दीड-दोन कोसांवरचं आमचं गाव. धानाची बांधी, मागे मोहाची दोन झाडं, घराला मोठी ओसरी. आजीला लकवा मारला तो रोवणीच्या दिवसांत. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा कुणी आईला जवळ बसवून सांगितलं नाही की आता तुला काय काय करावं लागेल. गोळ्यांची पिशवी दिली आणि सांभाळा म्हटलं. पुढची कित्येक वर्षं आई ते एका शब्दाचं काम करत होती.

त्यात काय काय असतं ते लिहून ठेवायला हवं, कारण ते दिसत नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नाही बदलली तर माकडहाडाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग उघडते, आणि एकदा उघडलेली जखम महिनोन् महिने भरत नाही. भात मऊ करून, डोकं उंच करून, शाबूत असलेल्या बाजूनं भरवायचा. आडवं ठेवून भरवलं तर घास श्वासनळीत जातो. शी-शू धुवायची, पुसायचं, पूर्ण कोरडं करायचं. गेलेल्या हाताची बोटं रोज उलगडायची, नाहीतर ती मुठीतच गोठतात आणि नखं तळव्यात रुततात. उचलताना आपली कंबर सांभाळायची. ही शेवटची गोष्ट आईला कुणी शिकवलीच नाही. आज तिची कंबर कायमची वाकलेली आहे आणि ते म्हातारपणानं झालेलं नाही.

आजीला हाक मारता येत नव्हती. म्हणून बाबांनी बैलाच्या गळ्यातली घाटी काढून खाटेला, तिच्या डाव्या हाताशी बांधली. ती घाटी दिवसा वाजली तर घरातलं कुणीही जायचं. रात्री वाजली की फक्त आईच उठायची. बाकीच्यांची झोप त्या आवाजाला सरावली होती, आईची झोप त्या आवाजावर टांगलेली होती. ती पोळ्याला माहेरी गेली नाही, भाऊबीजेला भाऊच आमच्याकडे आला. आमच्या झाडीपट्टीतल्या बाईला दिवाळीनंतर मंडईची जत्रा आणि रात्रभराचं नाटक म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आईनं त्या वर्षांत एकही नाटक पाहिलं नाही. कुणी तिला जाऊ नको म्हटलं नव्हतं. जाणं शक्य नव्हतं, इतकंच.

पुढे कधीतरी वाचनात आलं की आमच्याच जिल्ह्यात ‘सर्च’ संस्थेच्या डॉक्टरांनी गावोगावच्या मृत्यूंचा अभ्यास केला होता. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण लकवा हेच होतं. सातांतला एक मृत्यू त्यानं होत होता आणि त्यातले बहुतेक घरी झाले होते. रक्तदाब वाढलेला असतो, तो दुखत-खुपत नाही, म्हणून मोजला जात नाही, गोळी लागत नाही आणि एके सकाळी माणूस खाटेवरून उठत नाही. त्या अभ्यासातलं ‘घरी’ हे मला फार जवळचं वाटलं. आकडे मरणाचे होते. पण घरी मरण्याआधी माणूस घरी पडून असतो, दिवस, महिने, वर्षं. त्या प्रत्येक खाटेशेजारी कुणीतरी बसलेलं असणार. तिची मोजणी कुठल्या तक्त्यात करतात?

आपल्या मराठी मनात सेवेच्या ज्या मूर्ती आहेत त्या मुलग्यांच्या आहेत. श्रावणबाळ आंधळ्या आईबापांना कावडीत घालून तीर्थाला निघाला. पुंडलिकानं आईवडिलांचे पाय चेपता चेपता देवाला विटेवर उभं केलं, आणि त्या एका प्रसंगावर अख्खं पंढरपूर उभं आहे. मला या कथा प्रिय आहेत. देवाला थांबायला लावण्याइतकं हे काम मोठं आहे, असं सांगणारी दुसरी कथा जगात मला माहीत नाही. पण घराघरात डोकावून पाहिलं तर कावड सुनेच्या खांद्यावर असते. नाहीतर लेकीच्या, नाहीतर स्वतःच सत्तरी गाठलेल्या बायकोच्या. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत दिवसभरात घरातल्या कुणाची तरी बिनमोबदला काळजी घेणाऱ्या बायका शंभरात सुमारे अठ्ठावीस निघाल्या, पुरुष चौदा. घेणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी १३४ मिनिटं, पुरुषाची ७६. यात लेकरांची काळजीही धरलेली आहे. पण रात्री घाटी ऐकून दोनदा उठणं कुणी अशा मिनिटांत सांगत असेल असं मला वाटत नाही. विचारलं असतं तर आई म्हणाली असती, रात्री मी झोपलेली असते.

पुरुष करत नाहीत असं नव्हे. गावात एक अविवाहित गृहस्थ आहेत, आईला अंघोळ घालतात, वेणी घालतात, लुगडं नेसवतात. गाव त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतं. काही आदरानं, काही नवलानं. सुनेनं हेच केलं तर त्यात कुणाला बोलण्यासारखं काही दिसत नाही. बाबाही आजीला सकाळी उचलून ओसरीवर आणत, उन्हात बसवत. त्यांचं प्रेम कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यांच्या कामाला सकाळ होती आणि शेवट होता.

सरकारनं या कामाला श्रावणबाळाचं नाव दिलं आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत पासष्ट वर्षांवरच्या निराधार माणसाला २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. ते मिळायलाच हवेत, वेळेवर मिळायला हवेत, आणि खरं तर जास्त मिळायला हवेत. सत्तरीपुढच्यांना २०२४ पासून पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचं कवच आलं, तेही चांगलंच. २००७ च्या कायद्यानं आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. हे सगळं एकत्र मांडून पाहिलं की एक जागा रिकामी दिसते. म्हाताऱ्या माणसाचा विचार आहे, रुग्णालयाचा आहे, कसूर करणाऱ्या मुलाचाही आहे. जी कसूर करत नाही, तिचा नाही. श्रावणबाळाच्या नावानं निघालेल्या योजनेत खुद्द श्रावणबाळाच्या खांद्याला काही लावायला मिळत नाही.

कौतुक मात्र मिळतं. आईला ते भरपूर मिळालं. पाहुणा आला की ओसरीवर चहा पिता पिता म्हणायचा, सून असावी तर अशी. पुण्य बांधते आहे म्हणायचा. त्या बोलण्यात खोट नव्हती, आणि आईलाही ते ऐकून बरं वाटत असणार. पण मी तिचा चेहरा पाहिला आहे. त्या कौतुकानंतर ती थकले असं म्हणू शकत नव्हती. ज्या बाईला गावानं एकदा देवीच्या जागी बसवलं, तिनं आज माझ्यानं होत नाही असं कुणाजवळ म्हणावं? कौतुक करणारा चहा संपवून निघून जातो, आणि त्याचे शब्द दोरीसारखे मागे राहतात. म्हणून ‘आदर्श सून’ छापाच्या सत्कारांबद्दल माझ्या मनात अढी आहे. शाल-श्रीफळ घ्यायला ती बाई सभागृहात येते तेव्हा घरी खाटेपाशी कोण बसलेलं असतं, हे आधी विचारावं. कुणी बसलेलं असेल, तर त्या बसणाऱ्याला दुसरी शाल द्यावी.

आईला जे खरं मिळालं ते शेजारच्या एका बाईकडून. नदीवर मासे धरणाऱ्या घरातली, आमच्या बांधीत रोवणीला येणारी. एका वर्षी महाशिवरात्रीला ती सकाळीच आली, ओसरीच्या खांबाला टेकून बसली आणि म्हणाली, “जाय वं तू. बुढीपाशी मी आहो नं.” आईनं दहा कारणं सांगितली. कूस बदलावी लागते, गोळी द्यावी लागते, तोंडाची लाळ पुसावी लागते, ती घाटी फार हळू वाजवते. बाई म्हणाली, “मले येते. माह्या सासूचं म्याच केलं.” आणि आई गेली. मला बरोबर घेऊन गेली.

पलीकडच्या काठाहून डोंग्यांतून माणसं येत होती, वाळूत चुली पेटल्या होत्या. आईनं नदीत पाय बुडवले, बराच वेळ. देवळात रांग लांब होती, ती लावली. परत येताना तिनं मला यमाचं देऊळ दाखवलं. स्वतःसाठी तिनं बांगड्या घेतल्या, हिरव्या, आणि शेजारणीसाठी चुरमुरे आणि रेवड्या. संध्याकाळी घरी आलो तर आजी स्वच्छ, तेल लावलेली, झोपलेली. काही बिघडलं नव्हतं. त्यानंतर आई अधूनमधून तिला बोलावू लागली, आणि त्या बाईच्या घरी बाळंतपण आलं तेव्हा आई तिथे रात्री जाऊन बसली. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, पण तो दोघींच्या मनात नीट होता.

एवढंच हवं असतं असं मी म्हणणार नाही. पण सगळ्यात आधी हेच हवं असतं. कुणीतरी येऊन, नेमकं काय करायचं ते माहीत असलेलं कुणीतरी येऊन, अर्धा दिवस ती जागा घेणं. आमच्याकडे रोवणीत बाया आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या बांधीत वाकतात. एकटीनं बांधी रोवून होत नाही हे सगळ्यांना मान्य आहे. मग वर्षानुवर्षं पडून असलेलं माणूस एकटीनं कसं निभावायचं? जे चिखलात चालतं ते खाटेपाशी का चालू नये?

मार्कंड्याच्या मुख्य देवळावर कधीकाळी, दोन शतकांहून आधी, वीज पडली. शिखराचा भाग मंडपावर कोसळला. पुढे चांद्याच्या गोंड राजवटीत कुणीतरी त्या मंडपाची डागडुजी केली, जाडजूड साध्या खांबांचा टेकू देऊन. देऊळ पाहायला येणारे अप्सरा पाहतात, शंकराची रूपं पाहतात. त्या खांबांवर नक्षी नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. मला ते खांब पाहिले की आईची पाठ आठवते.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात, अशा एका पाठीची नोंद मात्र राहिली आहे. बाबा आमटे मणक्याच्या आजारानं बसू शकत नसत. एकतर उभे, नाहीतर आडवे. १९८५ ची ‘भारत जोडो’ यात्रा त्यांनी गाडीत आडवं पडून केली. १९९० मध्ये नर्मदेच्या काठी कसरावदला जाऊन राहिले तेही त्याच शरीरानिशी. सोबत पत्नी साधनाताई होत्या. बाबांचं मोठेपण निर्विवाद आहे. पण न बसू शकणाऱ्या माणसाचा दिवस कुणीतरी उभा करून द्यावा लागतो. त्याचं जेवण, औषध, आंघोळ, त्याच्याकडे येणारी माणसं, त्याचा संताप, त्याची स्वप्नं. साधनाताईंनी ‘समिधा’ हे आत्मकथन लिहिलं, म्हणून ती बाजू आपल्याला वाचायला मिळते. २००८ साली बाबा गेले, तीन वर्षांनी ताई गेल्या. हजारो घरांतल्या अशा बायकांनी काही लिहिलेलं नाही, आणि त्यांच्याबद्दलही कुणी लिहिणार नाही.

बाहेरच्या जगात हा प्रश्न नीट विचारला जायलाही वेळ लागला. ब्रिटननं १९७६ साली आजारी माणसाची घरी देखभाल करणाऱ्यांना भत्ता सुरू केला, पण विवाहित बायकांना त्यातून वगळलं. त्या तशाही घरीच असतात, असा त्यामागचा विचार. जॅकलिन ड्रेक नावाची एक विवाहित स्त्री अपंग आईला सांभाळण्यासाठी नोकरी सोडून बसली होती. ती याविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. निकालाच्या आदल्या दिवशीच सरकारनं नियम बदलत असल्याचं जाहीर केलं होतं. तशाही घरीच असतात! हे वाक्य मी आमच्या तालुक्याच्या कचेरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळीकडे ऐकलेलं आहे. जर्मनीनं १९९५ मध्ये आणि जपाननं २००० मध्ये यासाठी विम्याची व्यवस्था उभी केली. पण इतकं लांब जायला नको. केरळात १९९३ साली कोझिकोडला काही डॉक्टरांनी दीर्घ आजारातल्या वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं आणि पुढे ते वस्तीवस्तीतल्या साध्या स्वयंसेवकांच्या हाती दिलं. २००८ मध्ये तिथल्या राज्य सरकारनं त्यासाठी धोरण केलं. तिथे नर्स घरी येते, जखम पाहते, आणि खाटेपाशी बसलेल्या बाईला विचारते, तुम्ही कशा आहात? आमच्या आईला तो प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला असेल तर तो तिच्या आईनं.

आणि खरं सांगायचं तर केरळलाही जायला नको. याच गडचिरोलीत ‘सर्च’चे डॉक्टर राणी आणि अभय बंग १९८६ साली आले. गावातल्या साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजायचा कसा, ऊब द्यायची कशी, जंतुसंसर्ग ओळखायचा कसा, इंजेक्शन कधी द्यायचं. एकोणचाळीस गावांत तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं, आणि आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन जे पाहतात, त्याची मुळं इथल्या मातीत आहेत. आयुष्याचा पहिला महिना घरच्या घरी सुरक्षित होऊ शकतो हे ज्या जिल्ह्यानं जगाला दाखवलं, त्याला शेवटच्या वर्षांसाठी हे का जमू नये? आशाताई बाळासाठी घरात येतेच. त्याच घरात मागच्या खोलीत म्हातारी पडलेली असते. तिची पाठ उलटून पाहायला, सुनेला कूस बदलण्याची आणि स्वतःची कंबर वाचवण्याची रीत शिकवायला, रक्तदाब मोजायला वेगळी इमारत लागत नाही. आशाताईंना शिक्षण लागेल आणि त्या कामाचे पैसे द्यावे लागतील. ते न देता हेही काम त्यांच्या डोक्यावर टाकलं, तर आपण एका बाईचं ओझं दुसऱ्या बाईवर ठेवलं एवढंच होईल. सरकारी आरोग्य केंद्रांच्या सेवांच्या यादीत ज्येष्ठांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दीर्घ आजारातल्या वेदना कमी करणारी शुश्रूषा, छापलेली आहे. ती यादीतून उंबऱ्यापर्यंत यायला हवी.

ही घाई अशासाठी, की सांभाळणारी माणसं कमी होत आहेत. धान निघालं की आमच्याकडून आणि चंद्रपूरकडून माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, जोडप्यानं जातात. शिमग्याच्या आसपास काही गल्ल्यांत म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरंच उरतात. नवरा पंच्याहत्तरचा, बायको सत्तरची, आणि दहा वर्षांची नात गोळी कोणती कधी द्यायची ते पाठ करून बसलेली. त्या नातीलाही कुणी सांभाळणारी म्हणत नाही. मिरची तोडायला गेलेल्या आईबापांना दूर राहून जो घोर लागतो, त्याचीही गणना याच कामात करायला हवी. पोटासाठी गेलेल्या माणसाला आईबाप टाकून गेला म्हणणं हा अन्याय आहे आणि तो आपल्या बोलण्यात फार सहज येतो.

आता आई त्या खाटेवर आहे. लकवा नाही, विसर आहे. देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या घरातली ती एक. तिला माझं नाव काही दिवस आठवतं, काही दिवस नाही. जेवली हे विसरते, बाबा गेले हे विसरते. पण मध्यरात्री उठून बसते आणि वहिनीला विचारते, “बुढीची कूस बदलली का?” घरात घाटी नाही, कधीच काढून ठेवली. तिला ती ऐकू येते. मूल विसरली, नवरा विसरली, पण सासूची कूस विसरली नाही. आम्ही सुरुवातीला तिला समजावत होतो की आजी जाऊन किती वर्षं झाली. त्यावर ती नव्यानं रडायची, जणू बातमी आत्ताच आली. वहिनीनं ते थांबवलं. वहिनी म्हणते, “बदलली आई, आता झोपा.” आणि आई झोपते. हे उत्तर वहिनीला कुणी शिकवलेलं नाही. त्यासाठी तिला स्वतःला अर्ध्या रात्री उठावं लागतं, आणि सकाळी बांधीत जावं लागतं.

त्या प्रश्नात मला आईचं पूर्ण आयुष्य दिसतं आणि माझा जीव तुटतो. त्यात प्रेम आहे यात शंका नाही. पण न मिळालेली झोपही आहे. कुणी वेळीच, पुरेशा वेळा, मी आहो नं म्हणालं असतं, तर आज तिच्या रात्री कदाचित इतक्या जाग्या नसत्या.

म्हणून भाऊ, मी आणि वहिनी, तिघांनी बसून पाळ्या ठरवल्या. भाऊ रात्री उठायला शिकला आहे. पहिले काही दिवस आईनं त्याच्या हातून पाणी घेतलं नाही, आता घेते. शेजारणीची सून दुपारी दोन तास येऊन बसते, त्याचे आम्ही पैसे देतो. पैसे देणं म्हणजे माया आटणं, असं म्हणणारे नातलग भेटले. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि दुपारचे दोन तास शांत झोपली. नागपूरची कामं बाजूला ठेवून मी रोवणीत येते आणि दिवाळीनंतर येते. या दिवाळीनंतर वहिनी तिच्या माहेरी मंडईला जाणार आहे, रात्रभराचं नाटक पाहून दुसऱ्या दिवशी तिथेच झोपणार आहे. तिनं मला भिंतीवर कागद चिकटवून दिला आहे. सकाळची गोळी खाण्याआधी, रात्रीची खाल्ल्यावर. पेज कोमट. आंघोळीला गरम पाणी आधी पायांवर, एकदम अंगावर नाही, घाबरते. कुठे निघाली तर अडवू नको, बरोबर चाल, अंगणाला फेरी मारली की परत येते. शेवटी खाली, वेगळ्या शाईनं, तिनं लिहिलं आहे की फोन करायचा असेल तर नाटक सुरू व्हायच्या आधी कर.